नावाची मूठ

ल्युब्लियाना ही एका देशाची राजधानी आहे, यावर आमच्या चाळीसगावकराचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. बसमधून उतरून बॅगा ओढत थोडं चाललो तोच नदी आली, पूल आला, चौक आला आणि टेकडीवरचा किल्लाही दिसला. "बस? एवढंच?" तो म्हणाला. "अरे, आमच्या स्टेशनाबाहेर याच्यापेक्षा जास्त गर्दी असते. राजधानी म्हणजे माणसाला जरा दम लागला पाहिजे." धुळेकर नेहमीसारखा हसला नाही. मला वाटलं, बसमध्ये झोप झाली नसेल.

जर्मनीतल्या एका विद्यापीठात आम्ही दोन वर्षं एकत्र काढली. तिथं भारतीय पोरं पुष्कळ होती, पण खान्देशातले आम्ही तिघंच, म्हणून नावं बाजूला पडली आणि गावं चिकटली. एक धुळेकर, एक चाळीसगावकर आणि मी फैजपूरकरीण. माझं गाव खरं तर फैजपूरच्याही पुढं, केळीच्या बागांत आहे, पण ते कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. धुळेकरानं स्वयंपाक करायचा, चाळीसगावकरानं खायचं आणि मी दोघांच्या मागं लागून भांडी घासून घ्यायची, असा आमचा संसार होता. लोकांना आमच्याबद्दल काय काय वाटायचं. आम्हाला मात्र एकमेकांची भूक, झोप आणि चिडचिड याखेरीज काही माहीत नव्हतं.

परीक्षा संपल्या, खोल्या रिकाम्या केल्या. चाळीसगावकराला हॉलंडात नोकरी लागली होती. धुळेकर आणि मी घरी निघालो होतो. मी परत चालले होते कारण मला परतायचं होतं. केळीचं काहीतरी स्वतःचं सुरू करायचं डोक्यात होतं. ही साधी गोष्ट कुणालाच पटत नव्हती. हिला नोकरी मिळाली नसेल, असं गावातही बोलत होते आणि तिथंही. व्हेनिसहून रविवारचं विमान होतं, धुळेकराची आणि माझी सीट शेजारीशेजारी. त्याआधी तिघांनी मिळून एखादं शहर बघायचं, छोटं, एका दिवसात संपणारं, असं ठरलं आणि नकाशात वाटेवर ल्युब्लियाना सापडलं.

शनिवारी सकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात चहा होत होता. धुळेकर आमच्याकडं पाठ करून शेगडीपाशी उभा होता. त्या अवस्थेतच त्यानं सांगितलं, "मी उद्या येत नाहीये."

"कुठं येत नाहीयेस?"

"घरी. तिकीट रद्द केलंय."

उत्तरेकडच्या एका शहरात त्याला नोकरी मिळाली होती आणि ती पुढच्याच आठवड्यात सुरू होणार होती. तिकीट केव्हा रद्द केलं विचारलं, तर म्हणे मागच्या आठवड्यात. म्हणजे आम्ही बॅगांची वजनं करत होतो, माझ्या बॅगेत जागा उरली म्हणून मी त्याच्या आईसाठी घेतलेली शाल माझ्याकडं ठेवून घेतली, तेव्हा याचं सगळं ठरलेलं होतं. माझं डोकं तडकलं. मी ब्रेडचा तुकडा बशीत ठेवला आणि एकच विचारलं, "आज शनिवार आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," तो म्हणाला. चहा उतू गेला.

हा शनिवार काय, ते खान्देशाबाहेरच्याला सांगावं लागेल. आमच्याकडं श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. सगळी भाऊबंदकी एका घरी गोळा होते. रविवारी देवी मांडायची, गाणी म्हणून जागवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर बोळवण करायची. तिच्या नैवेद्याला रोट असतात, आणि त्या रोटांचे गहू आदल्या दिवशी काढतात. ते मापानं काढत नाहीत. घरात जेवढे पुरुष, पाळण्यातल्या पोरापासून अंथरुणावरच्या म्हाताऱ्यापर्यंत, त्या प्रत्येकाचं नाव घेऊन सव्वा मूठ. चक्कीवाला त्या दिवशी चक्की धुऊन ठेवतो आणि दुसरं दळण घेत नाही. रोट भाऊबंदांनीच खायचे, पुनवेच्या आत संपवायचे, उरू द्यायचे नाहीत, आणि बाहेरच्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही.

बाईच्या नावाची मूठ नसते. लहानपणी मी आईला त्याबद्दल विचारलं होतं. "तुला रोट खायला मिळतो ना? मग झालं तर," एवढ्यावर तिनं मला गप्प केलं होतं. लग्न झालं की ते खाणंही बंद, कारण मग आपण दुसऱ्या घरच्या.

धुळेकराच्या भाऊबंदकीत मधली काही वर्षं बांधावरून वाजलं होतं आणि त्यांचे रोट झालेच नव्हते. यंदा समेट झाला. कानबाई त्यांच्याच घरी बसणार होती. थोरला मुलगा परदेशातून येतोय, सोमवारी पोचतोय, पहिला रोट त्याच्याच हातात द्यायचा, असं त्याच्या वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि हा इथं चहा पुसत उभा होता. संध्याकाळी धुळ्यात त्याची आई गव्हाच्या टोपलीपुढं बसणार होती. तिनं याचं नाव घ्यायचं की नाही? येणारच नसलेल्या माणसाचा रोट खायचा कुणी? आणि मूठ घेतली नाही, तर इतक्या वर्षांनी एकत्र आलेल्या भाऊबंदांसमोर जिवंत पोराचं नाव गाळायचं. आमच्याकडं नाव गळतं ते मेलेल्याचं.

"घरी फोन कर," मी म्हणाले.

"करतो."

"आत्ता कर."

"आजचा दिवस राहू दे ना," तो म्हणाला. "उद्या तू जाशील, हा जाईल. आजच्या दिवस तिघं नीट फिरू. मग सांगतो."

चाळीसगावकरानं माझ्याकडं बघून डोळ्यांनीच विनवलं. त्याचा स्वभाव तसाच. घराला आग लागली तरी आधी जेवून घेऊ म्हणणारा माणूस. मी गप्प बसले, पण ते गप्प बसणं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं.

आम्ही फिरायला निघालो. गाव देखणं होतं, खोटं कशाला बोलू. नदी अरुंद, हिरवी, संथ. काठाला खुर्च्या टाकून लोक कॉफी पीत बसलेले. एका जागी तीन पूल शेजारीशेजारी होते. चाळीसगावकर म्हणाला, एकानं भागलं असतं, बाकीचे दोन ठेकेदारानं घातले असणार. एरवी यावर धुळेकरानं त्यांच्याकडच्या पांझरेवरच्या पुलाची गोष्ट सांगितली असती. तो खिशात हात घालून पाण्याकडं बघत राहिला. त्या हातात फोन होता आणि तो थरथरत होता. आवाज बंद केलेला, पण शेजारी उभं राहिलं की कळायचं.

पुलापलीकडं शनिवारचा बाजार भरला होता. तिथं मला जरा बरं वाटलं, कारण बाजारात मला नेहमीच बरं वाटतं. एका गाड्यावर केळी होती, सातासमुद्रापारहून आलेली, पिवळीधम्मक, एकाही फणीला डाग नाही. मी एक फणी उचलून देठ पाहिला. कोवळी कापलेली होती. आमच्याकडं असा घड कापला तर वडील दोन दिवस बोलत नाहीत. मी हे सांगत होते, चाळीसगावकर हुंकार देत होता, आणि बघितलं तर धुळेकर पुढच्या गाड्याशी थांबलेला. तिथं लाल भोपळे मांडले होते. आमच्याकडं त्याला गंगाफळ म्हणतात आणि कानबाईच्या जेवणात त्याची भाजी लागतेच. त्यानं एक भोपळा दोन्ही हातांनी उचलला आणि तो धरून उभा राहिला. बाई त्याला भाव सांगत होती. त्याचं लक्ष नव्हतं.

खिशातला फोन पुन्हा सुरू झाला होता.

"उचल रे बाबा," चाळीसगावकरही आता म्हणाला.

धुळेकरानं भोपळा ठेवला आणि चालायला लागला.

पुढच्या पुलावर कठड्याच्या तारांना हजारो कुलुपं लावलेली होती. प्रेमात पडलेले लोक येतात, कुलूप लावतात आणि किल्ली नदीत टाकतात. "आपल्याकडं असती तर एका आठवड्यात भंगारात गेली असती," चाळीसगावकर म्हणाला. कुणी हसलं नाही. मग तो बिचारा आइस्क्रीम आणायला म्हणून निघून गेला, आणि आम्ही दोघं त्या कुलुपांशी उभे राहिलो.

"तू जा ना घरी," मी म्हणाले. "आठ दिवस राहा. नोकरीवाल्यांना सांग, कानबाई आहे म्हणून. नाही तर आई आजारी आहे म्हण. जगात कुणीही देतं सुट्टी."

"गेलो तर परत निघता येणार नाही."

"कोण अडवणार आहे तुला? वडील?"

"वडील भांडतील. त्यांच्याशी मी भांडेन," तो म्हणाला. "आई काही म्हणणार नाही. ती बॅग भरून देईल, डबा देईल, स्टँडवर येईल. तेच मला नको."

मला त्याची दया आली, आणि त्याच वेळी त्याला नदीत ढकलावंसं वाटलं. माझ्या नावाची मूठ जन्मात कुणी काढलेली नव्हती, आणि मी धावत घरी निघाले होते. याच्या मुठीसाठी तिकडं एक बाई सकाळपासून फोन लावत होती, आणि याला तिचा डबा नको होता. मी हे त्याला तोंडावर बोलले. तो म्हणाला, "तुला नाही कळणार. तुझी कुणी वाट बघत नाही, म्हणून तुला जावंसं वाटतं." असं कुणी मला त्याआधी कधी बोललेलं नव्हतं. चाळीसगावकर तीन कोन सांभाळत आला तेव्हा आम्ही एकमेकांकडं पाठ करून उभे होतो. त्यातलं एक आइस्क्रीम वितळून त्याच्या मनगटावर आलं होतं.

दुपारी किल्ल्यावर गेलो. वर जायला रुळावरची गाडी होती, पण आम्ही झाडीतल्या पायवाटेनं चढलो. वर तटाला टेकून उभं राहिलं की सगळं शहर पायाशी दिसायचं, लाल कौलं, मधून नदी, आणि पार लांब डोंगर. चाळीसगावकर दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला, "हे बघा, संपली राजधानी. त्या टोकापासून या टोकापर्यंत." तेवढ्यात धुळेकराचा फोन पुन्हा थरथरला. यावेळी त्यानं तो खिशातून काढला आणि तटाच्या दगडावर ठेवला. पडद्यावर 'माय' लिहिलेलं होतं. आम्ही तिघं त्याच्याकडं बघत उभे राहिलो. फोन दगडावर हळूहळू सरकत कडेपर्यंत गेला आणि थांबला.

धुळ्यात तेव्हा संध्याकाळ व्हायला आली असणार. चक्की फार वेळ थांबणार नव्हती.

मग माझा फोन वाजला.

मावशींकडं, म्हणजे धुळेकराच्या आईकडं, माझा नंबर होता. दोन वर्षांत शेवभाजीच्या मसाल्यावरून आणि खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांवरून आम्ही पुष्कळ बोललो होतो. धुळेकर म्हणाला, "उचलू नको."

"मग तू बोल. हा घे."

"उचलू नको म्हणतोय ना मी."

"तू बोल, नाही तर मी बोलते."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, दगडावरचा स्वतःचा फोन उचलला आणि तो पायवाटेनं खाली उतरायला लागला. चाळीसगावकर त्याच्यामागं दोन पावलं गेला, परत माझ्याकडं आला आणि मध्येच उभा राहिला. मी फोन उचलला.

मागं बायकांचा गलका होता, भांड्यांचे आवाज होते. मावशींनी मी कशी आहे विचारलं, जेवलीस का विचारलं. मग त्या जरा बाजूला गेल्या असाव्यात, कारण गलका कमी झाला.

"त्याले फोन देवू नको," त्या म्हणाल्या. "माले फक्त एक सांग, बेटा. तो येस का नही?"

खोटं बोलणं सोपं होतं. येतोय म्हटलं असतं तर मूठ पडली असती, रोट झाला असता, भाऊबंदांसमोर सगळं गोड झालं असतं. सोमवारी काय व्हायचं ते झालं असतं आणि मी तोवर माझ्या गावाला असते. पण त्या गव्हांच्या बाबतीत खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. देवावर माझा फार विश्वास आहे अशातला भाग नाही. ज्या बाईला दिवसभर कुणी उत्तर दिलं नव्हतं, तिला पहिलंच उत्तर खोटं द्यायचं मला जमलं नाही.

"नाही मावशी," मी म्हणाले. "तिकीट रद्द केलंय त्यानं. नोकरी लागलीय."

"बरं," त्या म्हणाल्या.

"पण मूठ घ्या ना त्याच्या नावाची. तो आहे तर खरा. इथं आहे."

"नसेल मानूसना नावनी मूठ कशी लेवू, बेटा?" त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "चक्कीवालानी चक्की धुई ठेवेल शे. आते उशीर व्हयी राह्यना." आणि फोन ठेवला.

खाली उतरलो तर धुळेकर पायवाटेच्या तोंडाशी एका बाकावर बसला होता. मी सगळं सांगितलं, शब्द न शब्द. तो उठून उभा राहिला. "तुला कुणी अधिकार दिला?" तो म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या आईनं दिला, तिनं विचारलं. "मी सांगणार होतो." केव्हा सांगणार होतास, मी विचारलं, पीठ झाल्यावर? लोक वळून बघायला लागले. चाळीसगावकर आमच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चला, बोटीत बसू." का, कशासाठी, काही नाही. त्याला दुसरं काही सुचलं नसणार.

आणि आम्ही खरंच बोटीत बसलो. त्या बोटीइतकी वाईट सफर मी आयुष्यात केली नाही. पुलांखालून आम्ही हळूहळू जात होतो, वरून लोक हात हलवत होते, आणि तिघं तीन दिशांना तोंडं करून बसलेलो. एका म्हाताऱ्या जोडप्यानं आमचा फोटो काढून देऊ का विचारलं. चाळीसगावकरानं फोन दिला. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. त्यात फक्त तोच हसतोय, आणि बघितलं तर कळतं की त्याला रडू येतंय. आमची ही शेवटची संध्याकाळ आम्ही दोघांनी त्याच्याकडून हिसकावून घेतली होती. त्यानं नंतरही कधी त्यावरून बोल लावला नाही.

जेवायला शेवभाजी करायचं आधीच ठरलेलं होतं. त्यासाठी धुळेकरानं घरच्या मसाल्याची शेवटची पुडी राखून ठेवली होती. त्यानं ती भाजी केली. इतकी तिखट केली की डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यामुळं कुणाच्या डोळ्यांत कशाचं पाणी आहे हे विचारायची वेळ आली नाही. चाळीसगावकरानं पातेलं ब्रेडनं पुसून खाल्लं.

सकाळी बसस्टँडवर माझी बस आधी होती. धुळेकर येणार नाही असं मी धरून चालले होते. तो आला. माझी बॅग त्यानंच बसच्या पोटात ठेवली. चाळीसगावकरानं मला मिठी मारली, कुठंही असलीस तरी मसाला पाठवत जा म्हणाला, आणि तोंड फिरवलं. धुळेकर दारापाशी उभा होता. बस सुरू झाल्यावर त्यानं विचारलं, "घेतली का तिनं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तू विचार."

त्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही.

विमानात माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली. रागानं मी त्यावर माझी पर्स, पुस्तक, स्वेटर सगळं पसरून ठेवलं. किल्ल्यावर मी बोलले ते चुकलं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण त्या मुठीचं काय झालं असेल, हे मुंबई येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

सोमवारी पहाटे उतरून मी बस धरली आणि दुपार कलता कलता धुळ्याला उतरले. शाल द्यायची होती. शाल काय, कुरियरनंही गेली असती. रिक्षानं घर गाठलं तेव्हा बोळवण होऊन गेली होती. दारात चपलांचा ढीग, ओसरीवर भाऊबंद पानसुपारी घेत बसलेले, पोरांच्या अंगावर गुलाल. त्याच्या वडिलांनी मला पाहिलं आणि माझ्यामागं रस्त्याकडं पाहिलं. मग ते उठून आत गेले.

मावशी स्वयंपाकघरात होत्या. पडद्यावर दिसायच्या त्यापेक्षा बुटक्या निघाल्या. "हातपाय धोई ले, पहिले जेयी ले," त्या म्हणाल्या. पाट मांडून त्यांनी मला पुरणपोळी वाढली, गंगाफळाची भाजी वाढली, वर तुपाची धार धरली. माझं जेवण होईपर्यंत एक शब्द विचारला नाही. शाल घडी न मोडता मांडीवर ठेवली होती आणि त्यावरून हात फिरत होता.

माझ्यानं राहवेना. मी विचारलं, "मावशी, मूठ घेतली का?"

त्यांनी ओसरीच्या दाराकडं पाहिलं. बायका अंगणात भांडी आवरत होत्या. मग त्या हळू आवाजात सांगायला लागल्या. घरातले थोरले नाना टोपलीशी बसून एकेक नाव घेत होते, आणि मावशी मूठ टाकत होत्या. त्याआधी पाचच मिनिटं माझ्याशी फोनवर बोलणं झालेलं, आणि तो येत नाही हे घरात त्यांनी अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"नानानी त्यानं नाव लिधं," त्या म्हणाल्या. "मी मूठ टाकी. पन मनमा मन्हं नाव लिधं."

मुखानं नाव मुलाचं घेतलं गेलं होतं. मनात त्यांनी स्वतःचं घेतलं होतं. मुठी भरल्या तेवढ्या भरल्या. भाऊबंदांच्या हिशेबात काही कमी पडलं नाही.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांना वाटलं, मला पटलं नाही. मला समजावून सांगावं तसं त्या म्हणाल्या, "तो नही शे. पन मी तं शे ना घरमा."

मग त्यांनी फळीवरची झाकलेली टोपली खाली घेतली. त्यातला एक रोट काढला, मोडला आणि माझ्यासमोर बसून खाल्ला, सावकाश, पाण्याचा घोट घेत घेत, शेवटच्या कणापर्यंत. मला विचारलं नाही. मी बाहेरची होते, आणि तो रोट त्यांचा होता. मला रडू फुटलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझ्या पाठीवर थोपटलं आणि खाणं चालूच ठेवलं.

निघताना म्हणाल्या, "गाडीमा बठनी का फोन करजो."

जळगावच्या गाडीत खिडकी मिळाली. वडील जळगावला स्टँडवर घ्यायला येणार होते. गाडी सुटायच्या आत धुळेकराचा मेसेज आला. घेतली का, एवढाच. मी लिहिलं, 'घेतली. तुझी नाही. आईनं स्वतःची घेतली, तुझ्या जागी. आत्ताच माझ्यासमोर तिचा रोट खाल्ला.' वाचल्याची खूण आली आणि लगेच त्याचा फोन यायला लागला. मी फोन हातात धरून बसले. उचलला असता तर तो सगळं मलाच विचारत बसला असता आणि मलाच सांगत बसला असता. मी उचलला नाही. बऱ्याच वेळानं तो थांबला.

गाडी गावाबाहेर पडली. गाडीत बसल्याचं सांगायचं म्हणून मी मावशींना फोन लावला. लाइन बिझी होती. थोड्या वेळानं पुन्हा लावला, तरी बिझी. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, बिझीच होती.